उलटा डोंगर

मित्रांनो, मामाच्या गावाला जातात ती भाचरं. आमच्या घरात मात्र सगळंच उलटं! माझी ताई अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहरात राहते. त्यामुळे २०२३ च्या मे महिन्यात मामाच निघाला भाच्याच्या गावाला. बरोबर माझी मुलगी छकुली. ती तेव्हा नुकतीच सहावी पास झाली होती. भाचा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणून ती त्याला दादा म्हणते. आपणही त्याला दादाच म्हणू.

मी शाळेत भूगोल शिकवतो. पावसाळा संपला की दरवर्षी मुलांना घेऊन गडावर जातो. सिंहगड, राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड... सगळे पायाखालचे! त्यामुळे ताई फोनवर म्हणाली, "तुम्हाला ग्रँड कॅनियन दाखवते, थोडंसं खाली उतरूनही या," तेव्हा मी जरा ऐटीतच म्हणालो, "थोडंसं कशाला? पार तळाच्या नदीत पाय बुडवून येऊ!"

ताई नुसती हसली. ते हसू मला पुढे चांगलंच आठवलं.

नदी खडक कापत कापत खोल जाते आणि दोन्ही बाजूंना उभे कडे उरतात. अशा दरीला कॅनियन म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही तिला 'घळई' या नावाने भेटला असाल. कोलोरॅडो नदीने कोरलेली ग्रँड कॅनियन म्हणजे जगातल्या घळयांमधलं सगळ्यात गाजलेलं नाव.

पहाटे पाचला आम्ही फीनिक्स सोडलं. हे शहर वाळवंटात वसलेलं. मे महिनाअखेर तिथला पारा चाळिशीच्या आसपास असतो. दाजी गाडी चालवत होते आणि मी शेजारी. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे प्रत्येक वळणावर माझा पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर पडत होता! मागे दोघं भावंडं खिदळत होती.

शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना सग्वारो निवडुंग दिसायला लागले. काही तर तीन-चार मजली घराएवढे उंच! वर्गात 'मला येतं, मला येतं' म्हणून दोन्ही हात वर करून उभी राहणारी मुलं असतात ना, अगदी तसे. दाजी म्हणाले, "पहिला हात फुटायलाच याला पन्नासाहून जास्त वर्षं लागतात बरं का!" म्हणजे ज्या निवडुंगाला चार हात होते, तो आमच्या आजोबांच्याही आधीचा असणार.

रस्ता चढायला लागला तसे निवडुंग गेले. मग खुरटी झुडपं, पिवळं गवत, आणि सव्वादोन तासांनी एकदम उंचच उंच पाइनचं जंगल! गाव आलं फ्लॅगस्टाफ. उंची सुमारे २,१०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या दीडपट. पलीकडच्या शिखरांवर चक्क बर्फ होतं. सकाळी वाळवंटात पंखा लावून झोपलेली छकुली आता स्वेटर शोधत होती. उंचीप्रमाणे हवामान आणि झाडं बदलतात, हे मी वर्गात किती वर्षं शिकवतोय. पण सव्वादोन तासांत ते असं डोळ्यांसमोर उलगडताना पहिल्यांदाच पाहिलं.

फ्लॅगस्टाफहून उत्तरेला उतरलं की पुन्हा उघडं माळरान लागतं. लाल, राखाडी, जांभळट टेकड्यांचं. ही नव्हाहो लोकांची भूमी. रस्त्याकडेला त्यांच्या मण्यांच्या माळांची दुकानं होती. कॅमेरॉन नावाच्या छोट्या वस्तीपाशी आम्ही पश्चिमेला वळलो, पुन्हा चढलो आणि पुन्हा पाइनच्या झाडीत शिरलो.

आता मी डोंगर शोधू लागलो. आपली सवयच तशी असते. राजगडाला जाताना लांबूनच बालेकिल्ला दिसतो, आपण बोट दाखवतो, "तो बघा, तिथे जायचंय." इथे मात्र सपाट जंगल. डोंगर नाही, सुळका नाही, काहीच नाही.

गाडी थांबली ती डेझर्ट व्ह्यू नावाच्या जागी. तिथे मेरी कोल्टर नावाच्या वास्तुशिल्पी बाईंनी १९३२ साली बांधलेला दगडी मनोरा आहे. आम्ही त्याच्या बाजूने दहा-वीस पावलं पुढे गेलो आणि जमीनच संपली!

काय सांगू! समोर अवाढव्य पोकळी. तिच्यात लाल, तांबूस, पांढुरके, हिरवट कडे एकाखाली एक उतरत गेलेले. खाली, फार फार खाली, नदीचा बारीकसा दोरा. कुणीच काही बोलेना. शेवटी छकुली म्हणाली,

"बाबा, इथला डोंगर खाली आहे!"

तिला तेव्हा माहीत नव्हतं, पण या जागेबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती बोलून गेली होती.

थोडे आकडे सांगतो. ही घळई नदीच्या वळणांसकट ४४६ किलोमीटर लांब आहे. म्हणजे मुंबईहून निघालात तर कोल्हापूर मागे टाकाल! काही ठिकाणी ती २९ किलोमीटर रुंद आहे आणि खोली दीड किलोमीटरहून जास्त. कोलोरॅडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ 'तांबडी'. पूर्वी गाळाने नदीचं पाणी तसंच असायचं. १९६३ साली वरच्या अंगाला ग्लेन कॅनियन धरण झालं, गाळ तिथेच अडायला लागला, आणि आता पाणी बहुतेक वेळा हिरवट दिसतं.

१८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल हा माणूस नऊ सोबती आणि चार होड्या घेऊन या नदीच्या प्रवासाला निघाला. नकाशावर तेव्हा हा भाग कोराच होता. पुढच्या वळणावर धबधबा आहे की खडक, काहीच ठाऊक नाही. आणि पॉवेलला उजवा हात नव्हता. तो त्याने युद्धात गमावला होता! तीन महिन्यांनी घळईच्या दुसऱ्या टोकाला तो बाहेर आला, तेव्हा त्याच्यासह सहाच जण उरले होते. दादा हे ऐकून म्हणाला, "मग आपल्याला नुसतं चालत नदीपर्यंत जायला काय हरकत आहे?" मी त्याच्याकडे बघून हळूच डोळा मिचकावला. ताईने ते पाहिलं, पण ती काही बोलली नाही.

संध्याकाळी आम्ही एक फार मजेदार रस्ता चाललो. घळईच्या काठावर 'ट्रेल ऑफ टाइम' नावाची पायवाट आहे. म्हणजे काळाची वाट. इथे एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं! सुरुवातीला 'आज'. तिथून जसजसं पुढे जावं, तसतसं भूतकाळात. वाटेवर प्रत्येक मीटरला खूण आणि कडेला त्या त्या काळातल्या खडकाचे नमुने मांडलेले. हात लावून बघायला मोकळीक!

छकुलीने विचारलं, "यात माणसं कुठे?" आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर सुमारे तीन लाख वर्षं आहेत. हिशेब केला, तर ३० सेंटिमीटर. तुमच्या कंपासपेटीशेजारची एक फूटपट्टी, बस्स! सहा पावलं गेलो. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते नदीने घळई कोरायला घेतलेला वेळ इतकाच, पन्नास-साठ लाख वर्षं. मग सहासष्टाव्या मीटरवर मी थांबलो. "इथे आपला सह्याद्री!" म्हटलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि दख्खनचं पठार झालं. छकुली त्या खुणेवर उभी राहिली आणि तिने दादाला तिचा फोटो काढायला लावला.

पण ज्या काठावर आम्ही उभे होतो, तो खडक आला दोनशे सत्तराव्या मीटरवर. सत्तावीस कोटी वर्षांचा! तो समुद्राच्या तळाशी तयार झालेला चुनखडक आहे. आणि तळाचा काळा खडक? तो पावणेदोनशे कोटी वर्षांचा. तिथवर जायला जवळजवळ पावणेदोन किलोमीटर चालावं लागलं. दादा म्हणाला, "मामा, मी इथे चार वेळा आलोय, पण दर वेळी फक्त फोटो काढले."

सह्याद्री आणि ही घळई यांत एक साम्य आहे, बरं का. गडावर कातळकडा, मग माची, मग पुन्हा कडा, अशा पायऱ्या दिसतात. कठीण थराचा कडा होतो आणि मऊ थर झिजून उतार होतो. इथेही तसंच. फक्त आपल्याकडे धोधो पाऊस पडतो, माती आणि झाडी सगळं झाकून टाकते. वाळवंटात पांघरूण नाही. म्हणून थर न् थर उघडा.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या दिवशी उतरायचं होतं 'ब्राइट एंजल' नावाच्या वाटेने. एका मोठ्या भूभंगामुळे इथले कडे मोडले आहेत, म्हणून वाट निघाली. हवासुपाई लोक ती कितीतरी पिढ्यांपासून वापरत होते. वाटेवर काही अंतराने दगडी निवारे आहेत. पहिला दीड मैलावर, म्हणजे २.४ किलोमीटरवर, दुसरा तीन मैलांवर, म्हणजे ४.८ किलोमीटरवर. त्याच्याही दीड मैल पुढे एक झऱ्याकाठची हिरवी बाग. नदी तर त्याहूनही खाली.

ताईचे गुडघे दुखतात, म्हणून ती आणि दाजी वरच थांबणार होते. ताईने बजावलं, "तीन मैलांच्या निवाऱ्यापर्यंतच. एक पाऊल पुढे नाही. आणि एक वाजेपर्यंत वर." मी मान हलवली. मनात मात्र दादाचं आणि माझं आधीच ठरलं होतं. किमान बागेपर्यंत तरी जायचंच!

निघायचं होतं साडेपाचला. पण माझा चहा, कॅमेरा, पुन्हा चहा... साडेसात वाजले. दादाने "भूक नाही" म्हणून नाश्ताही केला नाही. ही पहिली चूक. नव्हे, दोन चुका.

वाटेच्या तोंडाशी फलक होता. कुठले नळ चालू आहेत ते त्यावर लिहिलं होतं. आणि ठळक अक्षरांत ताकीद होती, एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचा प्रयत्न करू नका. दरवर्षी इथे अडीचशेच्या आसपास लोकांना सोडवून आणावं लागतं, असं ताईने सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, हे काय, गडाची सवय नसलेल्या लोकांसाठी!

वाट सुरेख होती. रुंद, आखीव, नागमोडी. पहिल्या बोगद्याजवळ मान वर करून पाहिलं, तर कड्यावर लाल रंगात काढलेली जुनी चित्रं. पुढे फिकट, पिवळसर कडा लागला. हा एका प्राचीन वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांचा दगड. म्हणजे आजच्या वाळवंटाच्या पोटात सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीचं वाळवंट! त्यातल्या टेकड्यांच्या तिरक्या रेषा अजून दिसतात.

खालून खेचरांचा तांडा आला. आम्ही डोंगराच्या बाजूला सरकून गप्प उभे राहिलो. तसाच नियम आहे. खारी तर इतक्या धीट की छकुलीची पिशवीच हुंगायला लागल्या. त्यांना खायला घालायला सक्त मनाई आहे, कारण त्या सरळ चावतात.

दीड मैलाच्या निवाऱ्यावर पाणी भरलं. या नळाचं पाणी कुठून येतं, माहीत आहे? घळईच्या पलीकडच्या, उत्तरेच्या अंगाला एक मोठा झरा आहे. तिथून १९६० च्या दशकात नळ टाकायला घेतला. तो वीस किलोमीटरचा नळ खाली उतरतो, नदी ओलांडतो आणि या बाजूला चढतो. समोर एवढी नदी, आणि प्यायचं पाणी मात्र डोंगरापलीकडून!

उतरताना काहीच त्रास नव्हता. मुलं उड्या मारत चालली होती, मी गाणं गुणगुणत होतो. साडेनऊला आम्ही तीन मैलांच्या निवाऱ्यावर पोचलो. काठापासून साडेसहाशे मीटर खाली. आपला सिंहगड पायथ्यापासून जवळजवळ एवढाच. अंगाला घामाचा थेंब नाही. निदान मला तसं वाटलं.

आणि खाली ती बाग दिसली. लाल-करड्या खडकात हिरव्यागार झाडांचा पुंजका. अगदी हाकेच्या अंतरावर! दादा म्हणाला, "हवासुपाई गार्डन्स! मामा, चल ना!" त्या लोकांची तिथे शेती होती. १९१९ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, आणि १९२८ साली त्यांच्यातल्या तिथे राहणाऱ्या शेवटच्या माणसालाही बाहेर काढण्यात आलं. बागेला नाव मात्र उरलं 'इंडियन गार्डन'. त्या लोकांच्या मागणीवरून २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ते बदलून 'हवासुपाई गार्डन्स' झालं. म्हणजे आमच्या सहलीच्या जेमतेम सहा महिने आधी.

मी पाठपिशवी उचलली. तेवढ्यात निवाऱ्याच्या सावलीत बसलेल्या एक बाई उठून आल्या. केस पिकलेले, अंगात स्वयंसेवकाचा सदरा. वाटसरूंना अडचणीत पडण्याआधीच सावध करायचं, हे त्यांचं काम. हसून त्यांनी विचारलं,

"इथवर यायला किती वेळ लागला?"

"दोन तास," दादा म्हणाला.

"वर जायला साधारण दुप्पट धरा. किती वाजता पोचाल?"

"दीड वाजता."

"आणि बागेत जाऊन आलात तर?"

दादाने बोटं मोजली. "बागेपर्यंत अजून एक तास. म्हणजे उतरायचे तीन तास, चढायचे सहा. साडेदहाला निघालो तर... साडेचार."

"दहा ते चार या वेळात ही वाट सगळ्यात जास्त तापते," त्या म्हणाल्या. "पाणी किती आहे? खाल्लंय काय?"

त्या 'जाऊ नका' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. नुसती बेरीज करायला लावली आणि दुसऱ्या लोकांकडे गेल्या.

मित्रांनो, खरं सांगतो, मला तरीही जायचं होतं. इतकी वर्षं गड चढणारा मी! मागे फिरायचं, तेही बाग समोर दिसत असताना? मी म्हटलं, "आपण भरभर चालू. छकुली, तुला जमेल ना?"

ती दगडावर बसून खाली बघत होती. म्हणाली, "बाबा, खाली जायला मला जमेल. वर यायला जमेल का, ते मला इथे बसून कसं कळणार?"

मी गप्प झालो. गडावर काय होतं? आधी चढ. दम लागला, पाय दुखले, की आपल्याला आपोआप कळतं. मग आपण म्हणतो, बास, फिरू या. आणि परतीला उतार असतो. दमलेल्या माणसाला डोंगरच घरी आणून सोडतो. इथे सगळं उलटं. ताजे असताना उतार, आणि दमल्यावर, भर उन्हात, चढ. आपण किती दमणार आहोत हे कळायच्या आत आपण फार खाली गेलेलो असतो. इतक्या गडांनी मला जे शिकवलं होतं, ते इथे उपयोगाचं नव्हतं.

शिवाय खाली जावं तसं गरम होत जातं. महाबळेश्वराहून पोलादपूरला उतरलं की कसं लाहीलाही होतं? काठ आणि नदी यांच्या उंचीत साधारण तेवढाच फरक आहे.

"फिरायचं," मी म्हटलं. दादाचा चेहरा पडला. "इथवर येऊन?" तो पुटपुटला आणि फणकाऱ्याने सगळ्यांच्या पुढे चालू लागला.

अर्ध्या तासात वाटेचा नूर पालटला. सकाळी सावलीत असलेले कडे आता तव्यासारखे तापले होते. ऊन वरून आणि दगडातूनही. गंमत म्हणजे घाम दिसतच नव्हता. हवा इतकी कोरडी की आला घाम की उडाला! मी गालावरून हात फिरवला, तर बोटांना खरखरीत मीठ लागलं.

एका वळणावर दादा खाली बसलेला दिसला. चेहरा पांढराफटक. "मामा, मळमळतंय. डोकं दुखतंय." त्याची बाटली पाहिली, रिकामी. म्हणजे पाणी तर भरपूर प्यायला होता! मग झालं काय? सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, आणि वरून नुसतं पाणी. घामातून मीठ जात राहतं, आपण पाणीच पीत राहतो, आणि रक्तातलं मीठ कमी पडतं. बाईंनी 'खाल्लंय काय?' हे उगीच विचारलं नव्हतं.

खडकाच्या सावलीत त्याला बसवलं. टोपी आणि सदरा ओला केला. छकुलीने पिशवीतून कोल्हापुरी भडंग काढलं. चांगलं खारट, तिखट. आत्याला द्यायचं म्हणून पुण्याहून आणलेलं! दादा आधी नको नको म्हणाला. मग एक घास, दोन घास, शेंगदाण्याचे चार दाणे, एक घोट पाणी. मी त्याचा हात धरून बसलो होतो. खाली ती बाग अजून दिसत होती, तितकीच जवळ, तितकीच हिरवी. आणि माझ्या पोटात गोळा आला. आम्ही आत्ता तिथे असतो तर? अजून तीनशे मीटर खाली, अजून गरम हवेत, या पोराला घेऊन?

अर्ध्या तासाने त्याच्या गालांवर रंग आला. मग आमची वरात निघाली. वीस मिनिटं चाल, पाच मिनिटं सावली, चार दाणे, दोन घोट. सगळ्यात पुढे छकुली, कारण सगळ्यात हळू चालणाऱ्याने पुढे असावं. हा मात्र गडावरचाच नियम, आणि तो इथेही चालला! दीड मैलाच्या नळाखाली आम्ही तिघांनी डोकीच धरली.

वर पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. ताई बाराच्या आधीपासून वाटेच्या तोंडाशी उभी होती. तिने आधी दादाला पाहिलं, मग मला. काही न विचारता लिंबू, मीठ, साखर घातलेल्या पाण्याची बाटली पुढे केली. सावलीत टेकल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं. डोळा मिचकावण्यापासून बागेच्या बेतापर्यंत सगळं. "चूक माझी होती," म्हटलं. "मोठा मी होतो."

"मामा," दादा हळूच म्हणाला, "आपण बागेपर्यंत गेलो असतो तर?"

"तर आत्ता आपण वाटेतच कुठेतरी बसलेलो असतो," मी म्हटलं. तो काही बोलला नाही. भडंगाची पिशवी मात्र त्याने संपवली.

संध्याकाळी आम्ही पुन्हा काठावर गेलो. ऊन कलत होतं तसे कडे आधी केशरी, मग जांभळे झाले. मी कोलोरॅडोच्या पाण्यात पाय बुडवले नाहीत. बागेतही गेलो नाही. पुण्यात सगळे विचारतात, "एवढ्या लांब गेलात, नदीपर्यंत नाही गेलात?" मी सांगतो, "नाही. निवाऱ्यापासून फिरलो." आधी हे सांगताना जड जायचं. आता जात नाही.

परवा शाळेची मुलं घेऊन सिंहगडावर निघालो होतो. छकुलीही बरोबर होती. अर्ध्या वाटेवर एक मुलगा धापा टाकत खाली बसला. छकुली त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "अरे, दमलास तर दमलास. इथे घर उताराला आहे. पण आधी हे खा." आणि तिने पिशवीतून काय काढलं असेल?

बरोबर! भडंग.